दुसऱ्या टोकाला कोण होतं

कल्याण पश्चिमेच्या वायलेनगरात, युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत जे घडलं, ते कल्याणकरांना तोंडपाठ आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांची भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धा सुरू होती. के. सी. गांधी स्कूलचा प्रणव धनावडे सलामीला उतरला आणि ३२७ चेंडूंत १००९ धावा करून नाबाद परतला. १२९ चौकार, ५९ षटकार. अधिकृत नोंद असलेल्या सामन्यात एका डावात चार आकडी धावा करणारा तो पहिलाच फलंदाज. वय पंधरा, वडील रिक्षाचालक, प्रशिक्षक मोबीन शेख. इंग्लंडमधल्या एका शाळेच्या मैदानावर १८९९ साली झालेला विक्रम आपल्या मध्य रेल्वेच्या लाइनीवरच्या एका मुलानं मोडला, याचा अभिमान मला आजही आहे.

हे पुस्तक मात्र त्याच धावफलकाच्या उरलेल्या भागाविषयी आहे. के. सी. गांधी स्कूलनं डाव घोषित केला तेव्हा धावसंख्या होती ३ बाद १४६५. त्यातून १००९ वजा केल्या की ४५६ उरतात. आकाश सिंगच्या १७३, सिद्धेश पाटीलच्या १३७, बाकीच्या इतरांच्या आणि अवांतर. शालेय सामन्यात १७३ धावा काढणाऱ्या मुलाचं नाव एरवी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठळक आलं असतं, शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं गेलं असतं. त्या आठवड्यात जगभरचे पत्रकार कल्याणात येऊन गेले. आकाशचं आणि सिद्धेशचं नाव बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात, फार तर कंसात आलं.

धावफलक नीट वाचायला बसलं की तो बोलायला लागतो. डाव ९४ षटकं चालला, म्हणजे सुमारे ५६४ चेंडू. त्यातले ३२७ प्रणवनं खेळले. उरलेले अडीचशेच्या आसपास चेंडू इतरांच्या वाट्याला आले आणि अवांतर धरून त्यांवर जवळपास दोनच्या सरासरीनं धावा आल्या. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. समोरचा मुलगा अशा लयीत असताना जोडीदाराकडून दोन चुका हमखास होतात. एक तर तो नुसता चेंडू अडवत बसतो. षटकं सरतात आणि वेळ वाया जातो. नाही तर त्यालाही मारायची हौस येते, तो उंच फटके खेळतो आणि बाद होतो. मग नवा फलंदाज येईपर्यंत, त्याचं गार्ड घेऊन होईपर्यंत सगळा ताल मोडतो. आकाश आणि सिद्धेश या दोन्हींत सापडले नाहीत. स्वतःच्या धावा त्यांनी वेगानं केल्या आणि तरीही दहापैकी जवळजवळ सहा चेंडू समोरच्याला मिळू दिले. पहिल्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा धावफलकावर १ बाद ९५६ होते, प्रणव १९९ चेंडूंत ६५२. अख्ख्या दिवसात दुसऱ्या टोकाची एकच विकेट पडली होती.

आता चौकार-षटकारांचा हिशेब करू. १२९ चौकारांचे ५१६, ५९ षटकारांचे ३५४, मिळून ८७०. म्हणजे १३९ धावा प्रणवनं पळून काढल्या. त्यातली एकही त्यानं एकट्यानं काढलेली नाही. बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर एक धाव पूर्ण व्हायला दोघांनी जागा बदलावी लागते. खात्यात ती एकाच्या जमा होते एवढंच. समोरच्याचे पाय जड झाले असतील तर दुसरी धाव नाकारायची, षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एकेरी हवी असेल तर चेंडू बॅटला लागायच्या आधी दोन पावलं पुढे टाकलेली हवीत, आणि कॉल मोठ्यानं, एकदाच, न डगमगता द्यायचा. ३९५ मिनिटं फलंदाजी करणाऱ्या मुलाला धावबाद होऊ न देणं हेही जोडीदाराचंच काम. धावफलकावर ‘नाबाद’ असा एक शब्द दिसतो; त्यामागे चार जोडीदारांचे कान आणि डोळे आहेत. चार असं मी म्हणतो, कारण सलामीवीर शेवटपर्यंत राहिला आणि तीन गडी बाद झाले, म्हणजे दुसऱ्या टोकाला एकूण चार मुलं येऊन उभी राहिली.

मग उरले सहा. अकरातल्या या सहा मुलांना त्या डावात बॅट हातात धरायला मिळाली नाही. शालेय क्रिकेट जवळून पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाला वर्षाकाठी सामने मिळतात मोजके. निवड समितीच्या डोळ्यांत भरायचं ते त्या मोजक्या डावांतूनच. पहाटेच्या गाडीत किट बॅग दाराशी उभी करून, डब्यातल्या लोकांची बोलणी ऐकत कल्याण-डोंबिवलीची मुलं आझाद मैदान गाठतात ती एका डावासाठी, कधीकधी दहा चेंडूंसाठी. डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेच्या शाळकरी दिवसांबद्दल आपण आता कौतुकानं बोलतो, कारण तो पुढे भारताचा कर्णधार झाला. त्याच गाडीतून गेलेल्या आणि पॅड बांधून तंबूत बसून परत आलेल्या मुलांची गणती कुणी ठेवलेली नाही. वायलेनगरच्या त्या सहा जणांपैकी एकाच्याही मनात ‘आता पुरे, मलाही खेळू द्या’ असं आलं नसेल, हे मी मानत नाही. पंधरा वर्षांच्या मनात ते यायलाच हवं. तरीही डाव दुसऱ्या दिवशी पुढे चालू राहिला. प्रतिस्पर्धी संघावर नऊशेहून अधिक धावांची आघाडी असताना सामना जिंकण्यासाठी पुढे खेळायची काहीच गरज नव्हती. पुढचा सगळा डाव एका मुलासाठी होता, आणि तो संघानं त्याला दिला.

आणि मुळात एवढा वेळ आला कुठून? हा प्रश्न विचारला की गोलंदाजांची नावं शोधावी लागतात, आणि विक्रमाच्या बातमीत ती सापडत नाहीत. नाणेफेकीनंतर आधी प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुल शाळेची फलंदाजी झाली आणि त्यांचा डाव ३१ धावांत संपला. सामना दोन दिवसांचा. आर्य गुरुकुलनं पहिला दिवस चहापानापर्यंत जरी खेळून काढला असता, तरी हजाराचा विषयच निघाला नसता. फार तर एक सुंदर त्रिशतक झालं असतं. के. सी. गांधीच्या गोलंदाजांनी तो डाव झटपट उरकला, यष्टींमागे प्रणव स्वतः होता, आणि मग जवळजवळ सगळा सामना फलंदाजीला मोकळा मिळाला. दुसऱ्या डावात पुन्हा ५२ धावांत सगळे बाद. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय. हजार धावांची पायाभरणी अशी चेंडूनं झालेली आहे. एखाद्या मोठ्या डावाचं विश्लेषण करताना आधीच्या सत्रातल्या गोलंदाजीपासून सुरुवात करावी, असं मला दिवसेंदिवस जास्त पटत चाललं आहे.

प्रणवनं मागे टाकलेला विक्रम ए. ई. जे. कॉलिन्सचा. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात जून १८९९ मध्ये, शाळेतल्याच दोन हाउसच्या सामन्यात, तेरा वर्षांच्या या मुलानं नाबाद ६२८ केल्या. त्याच्या संघाच्या एकूण धावा ८३६. ११६ वर्षं जगानं कॉलिन्सचं नाव घेतलं. आता शेवटच्या जोडीकडे पाहा. दहावी विकेट पडायची बाकी असताना रेडफर्न नावाचा एक मुलगा मैदानात आला आणि त्यानं फक्त १३ धावा केल्या. पण शेवटच्या जोडीनं १८३ धावांची भर घातली. रेडफर्न पहिल्याच चेंडूवर बाद झाला असता तर कॉलिन्सचा आकडा सहाशेच्या खूप खाली थांबला असता, आणि कदाचित आपण ते नाव ऐकलंही नसतं. अकराव्या क्रमांकावरच्या मुलाच्या तेरा धावांवर एक विक्रम शतकभर उभा होता.

आपल्या मातीतलं याहून बोलकं उदाहरण भाऊसाहेब निंबाळकरांचं. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ वर सर्वबाद. मग कोल्हापूरच्या भाऊसाहेबांनी जो डाव रचला तो नाबाद ४४३ चा. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. कमल भांडारकरांनी २०५ धावा केल्या आणि दोघांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी असताना विश्रांतीसाठी खेळ थांबला. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सांगितलं की डाव घोषित करा, नाही तर आम्ही निघालो. ते खरोखरच निघाले. ४ बाद ८२६ वर सामना तिथेच संपला. महाराष्ट्राच्या संघातल्या सगळ्यांनी मनापासून ठरवलं असतं तरी उरलेल्या नऊ धावा काढता येत नव्हत्या, कारण गोलंदाजी करायला समोर कुणी नव्हतं. भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी कधी खेळायला मिळाली नाही. ४४३ धावांच्या माणसाची ती हळहळ आपण सांगतो, सांगायलाच हवी. पण भांडारकरांचं द्विशतक महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे? विक्रम घडायला स्वतःचा संघ लागतो, आणि समोरचा संघही लागतो. पुण्यात तो निघून गेला. कल्याणात तो थांबला.

त्या थांबलेल्या मुलांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आर्य गुरुकुलचे मुख्य खेळाडू त्या सामन्यात नव्हते, मैदानावर उतरलेली बरीच मुलं वयानं लहान होती, झेल मोठ्या संख्येनं सुटले, मैदानाची एक बाजू जवळ होती, असं त्या दिवसांत छापून आलं. काहींनी ते विक्रमाला उणेपणा आणण्यासाठी वापरलं, काहींनी त्या मुलांची टर उडवली. दोन्ही गोष्टींचा मला राग येतो. ९४ षटकं उन्हात चेंडू आणून देणारी, दर षटकाला टोक बदलून पुन्हा धाव घेणारी ती पोरं सामना सोडून गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशीच्या ९५६ धावा ठाऊक असताना, घरातून पांढरे कपडे घालून पुन्हा मैदानावर येणं सोपं नाही. मोठ्या माणसांच्या संघानं पुण्यात जे केलं नाही ते या मुलांनी केलं. अशा विषम सामन्यात मुलांना उतरवावं का, डाव कधी घोषित करावा, यावर शालेय क्रिकेट चालवणाऱ्यांनी जरूर वाद घालावा. माझं मत विचाराल तर मुलांच्या स्पर्धेत आघाडीला मर्यादा असावी. पण तो मोठ्यांचा प्रश्न आहे. त्याचं ओझं ना प्रणववर टाकावं, ना आर्य गुरुकुलच्या क्षेत्ररक्षकांवर.

सगळ्या खेळांत श्रेय एकाच पद्धतीनं वाटलं जात नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा खेळाडू असतो आणि त्याच्या फेकीचे यार्ड त्याच्या नावावर मोजले जातात. गंमत अशी की चेंडू झेलून सहकारी पुढे जितका पळेल, तेवढे यार्डही फेकणाऱ्याच्याच खात्यात जातात. लुइझियाना स्टेटच्या जो बरोनं २०१९ च्या हंगामात ६० टचडाउन (थेट गुण मिळवून देणाऱ्या) फेकी केल्या, तो तेव्हाचा विक्रम होता. त्यातल्या २० जामार चेसनं आणि १८ जस्टिन जेफरसननं झेलल्या. समोरून अंगावर धावून येणाऱ्यांना अडवून बरोला दोन-तीन सेकंद मिळवून देणाऱ्या फळीला त्या वर्षी जो मूर पुरस्कार मिळाला. वैयक्तिक नव्हे, अख्ख्या फळीला मिळून दिला जाणारा पुरस्कार! उलट बाजूही तिथेच दिसते. एका सामन्यात ७३४ यार्ड फेकीचा विक्रम २०१४ मध्ये कॉनर हॅलिडेनं केला आणि २०१६ मध्ये पॅट्रिक महोम्सनं त्याची बरोबरी केली. दोघांचेही संघ ते सामने हरले. इतका मोठा आकडा सामना जिंकून देईलच असं नाही, कारण बचावाची फळी वेगळी असते आणि तिचा दिवस वेगळा असतो. कल्याणचा आकडा विजयासकट आला, आणि त्यामागे ३१ आणि ५२ धावांत समोरचे डाव संपवणारे गोलंदाज होते.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. १० ऑगस्ट २०१२ ला ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकानं नऊ थर लावले आणि ४३.७९ फूट उंचीची नोंद गिनीज बुकात झाली. ती नोंद पथकाच्या नावावर आहे. सगळ्यांत वर चढलेल्या पोराचं नाव आपल्याला ठाऊक नसतं आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. खालच्या थरातल्या दणकट माणसांच्या खांद्यावर पाय देऊनच तो वर गेला हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं. तोच ठाणे जिल्हा, तीच माणसं. क्रिकेटच्या मैदानावर मात्र आपली नजर एकाच मुलावर खिळते. धावफलकाची रचनाच तशी आहे. प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या धावा लिहायच्या, भागीदारी लिहिलीच तर तळाशी बारीक अक्षरात. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची १९८८ सालची ६६४ धावांची नाबाद भागीदारी हा त्याला अपवाद. शारदाश्रमच्या त्या दोघांच्या स्वतःच्या धावा, सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९, पटकन आठवत नाहीत. ६६४ मात्र प्रत्येकाला आठवतात. जोडीला एक आकडा मिळाला म्हणून जोडी लक्षात राहिली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. श्रेय वाटून घेतलं की मूळ मुलाचं श्रेय घटतं, अशी भीती अनेकांच्या मनात असते. माझी खात्री याच्या उलट आहे, आणि ती प्रणवच्या पुढच्या वर्षांकडे पाहून झाली आहे. विक्रमानंतर सचिन तेंडुलकरनं त्याला स्वाक्षरी केलेली बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट असोसिएशननं महिना दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. पुढे त्याच्या धावा आटल्या. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या माणसानं स्वतःहून पैसे नाकारावेत, यात केवढा स्वाभिमान आहे आणि त्या घरावर केवढा ताण आला असेल, हे कल्याणात राहणाऱ्याला कळतं. मुलगा कुठल्याही मैदानावर उतरला की लोक हजाराची आठवण काढणार. वीसवर बाद झाला तरी बातमी, शून्यावर बाद झाला तर मोठी बातमी.

आपण विक्रम एका मुलाचा म्हणून लिहिला, म्हणून त्याचं वजनही एकाच मुलाच्या पाठीवर गेलं. तो आकडा कसा घडला हे आपण त्याच वेळी नीट सांगितलं असतं, की आधी गोलंदाजांनी दिवस मोकळा करून दिला, आकाशनं आणि सिद्धेशनं टोक धरलं, सहा जण बॅट न धरता बसून राहिले, समोरचा संघ मैदान सोडून गेला नाही, मैदान लहान होतं आणि त्या दोन दिवसांत एका मुलाची बॅट अफाट चालली, तर पुढच्या प्रत्येक डावाकडून कुणी हजाराची अपेक्षा केली नसती. हे सगळे योग पुन्हा जुळत नसतात, हे पंधरा वर्षांच्या मुलालाही समजलं असतं आणि त्याच्याकडे टक लावून बसलेल्या शहरालाही. त्याच्या हातातलं कसब एवढ्यानं रतीभरही कमी होत नाही. ६५२ धावांवर रात्री घरी जाऊन झोपणं आणि सकाळी पुन्हा तितक्याच एकाग्रतेनं पहिला चेंडू खेळणं हे त्याचं एकट्याचंच होतं. ते दुसरं कुणी करून देऊ शकत नव्हतं.

पुढच्या पानांत म्हणूनच मोठ्या डावांचं वर्णन फटक्यांच्या क्रमानं येत नाही. प्रत्येक डावात दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं, किती चेंडू खेळलं, कधी बाद झालं आणि त्याच्या जागी कोण आलं, या क्रमानं ते लिहिलं आहे. गुणलेखकांसाठी वेगळं प्रकरण आहे, कारण ९४ षटकांत १४६५ धावा आणि प्रत्येक चेंडूचा हिशेब हातानं टिपून दोन्ही बाजूंचा मेळ घालणाऱ्या माणसांशिवाय कुठलाही विक्रम अधिकृत होत नाही. फलंदाजांना प्राधान्य मिळालं आहे हे खरं, पण प्रत्येक प्रकरण आधीच्या डावातल्या गोलंदाजीपासून सुरू होतं. वायलेनगरचं प्रकरण वाचणाऱ्याला पहिली आठ-दहा पानं प्रणव फक्त यष्टींमागे दिसेल, हातमोजे घातलेला. त्या पानांत आर्य गुरुकुलचे गडी एकामागून एक बाद होत आहेत, आणि आकाश अजून क्षेत्ररक्षणालाच उभा आहे.